बॉलची खोली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. नवरा होता तेव्हा त्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — छे, हेही खोटंच. सांगते आहे कारण आत ठेवून ठेवून ते नासलं आहे आणि त्याचा वास मला एकटीला येतो.

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते सांगते. मी बास्केटबॉल खेळायचे. सुरुवात नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर, मग नोकरी देणारा एक सरकारी संघ, मग नेदरलँड्समधल्या एका क्लबने बोलावलं. थोडा पगार, राहायला खोली आणि एक जुनी सायकल. माझी उंची बेताची, शॉट बरा. भांडवल म्हणजे कोपर. रिबाउंडला उडी घेतली की ते कुणाच्या तरी बरगडीत बसायचंच. आर्नहेमच्या एका मॅचमध्ये समोरच्या पोरीचे पुढचे दोन दात मी पाडले. ती तोंडाला हात लावून उभी होती, बोटांमधून रक्त गळत होतं, आणि मी काय बघत होते? या फाउलने मॅच हातची जाते की काय, एवढंच. इथे मॅच संपली की दोन्ही संघ कॅन्टीनमध्ये एकत्र बिअर प्यायला बसतात, तशी रीतच आहे. त्या पोरीने ओठात कापूस धरून मलाच ग्लास आणून दिला. हा किस्सा मी पार्ट्यांत सांगते. लोक हसतात, मीही हसते.

पण ते कोर्टवरचं होतं. तिथे पंच होता, शिट्टी होती, समोरचीला उलटून मारता येत होतं. मला जे सांगायचं आहे त्यात यातलं काहीच नव्हतं.

आमचे नागपूरचे सर मारायचे. शिट्टीच्या दोरीने पोटरीवर, पास चुकला तर कानाखाली. आम्हाला त्यात गैर वाटत नसे. उलट ज्या पोरीला सर मारायचे थांबले, तिच्यावर त्यांनी पाणी सोडलं असं आम्ही समजायचो. घरी सांगून उपयोग नसायचा. घरचे म्हणायचे, तूच काही केलं असशील. आता तुम्ही म्हणाल, ही तुझी सबब. नाही हो. पोटरीची ती आग मला नीट आठवते, आणि 'हा माणूस मरू दे' असं मी मनात म्हणायचे तेही आठवतं. म्हणजे मार खाणाऱ्याला काय होतं हे मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं.

गुडघा गेला आणि खेळणं संपलं. ग्रोनिंगनला विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला कोच हवी होती, ती मी झाले. सुरुवातीलाच लोटे नावाच्या पोरीवर मी जोरात ओरडले. सराव संपल्यावर ती शांतपणे माझ्यासमोर आली आणि म्हणाली की तुमचं हे बोलणं मला चालणार नाही. संघाचं काम बघणारी मंडळीही विद्यार्थीच. त्यांनी मला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि समजावलं. मी माफी मागितली. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर. पण तेव्हापासून डच पोरींशी मी कायम गोड. कोण सहन करतं आणि कोण तक्रार करतं, हे मला त्या एका बिस्किटात कळलं.

मग इरा आली. इथल्याच झूटरमेर गावात वाढलेली, आईवडील पुण्याचे, वडील आयटीत. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. हात लांब, नजर तेज, स्वभावाने गरीब गाय. तिला सोडायला आले तेव्हा आईवडिलांनी माझ्यासाठी चकल्यांचा डबा आणला होता. आई म्हणाली, "ताई, इथे पोरांना फार लाडावून ठेवतात हो. तुम्ही आपल्या आहात. जरा धाकात ठेवा तिला."

धाक म्हणाली ती. मार म्हणाली नव्हती. मग मी काय ऐकलं?

मी इराला मारलं.

लिहून झालं एकदाचं. पण एवढ्यावर सुटका नाही — कारण मी फक्त इराला मारलं. बारा पोरींच्या संघात फक्त तिला. लोटे तिच्यापेक्षा जास्त चुकायची, उलट बोलायची, उशिरा यायची. तिच्या खांद्याला मी कधी नखही लावलं नाही. लोटेला हात लावला असता तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती आणि दारात पोलीस आले असते. इरा कुणाला सांगणार नव्हती. आणि सांगितलंच तर तिचे आईवडील म्हणतील, तूच काही केलं असशील — हा हिशेब मी केला होता. थंड डोक्याने केला होता. मग रागाच्या भरात हात उठला असं कोणत्या तोंडाने म्हणू?

कोर्टच्या मागे बॉल ठेवायची खोली आहे. खिडकी नाही, दार जाड. सराव संपला की मी मराठीत हाक मारायचे, "इरा, बॉल आत ठेवायला चल." बाकीच्या पोरींना ते गोड वाटायचं, दोघी आपल्या भाषेत गप्पा मारतात म्हणून. आत गेलं की मी आधी दंडावर गुद्दा मारायचे, बाहीखाली झाकला जाईल असा. मग वेणी धरून डोकं मागच्या लोखंडी जाळीवर. कधी हातभर अंतरावरून बॉल पोटात, ती वाकेपर्यंत. आणि तोंडाने मराठी. नालायक, कामचुकार, आईबापाच्या जिवावर उडतेस. परदेशात इतकी वर्षं जे शब्द माझ्या जिभेवर आले नव्हते, ते त्या खोलीत सापडायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना? मला तिचं तोंड दाबावंही लागलं नाही. ती ओरडायचीच नाही.

एका मॅचमध्ये शेवटच्या क्षणी समोरच्या संघाची एक पोरगी पडली. इरा तिला उठवायला थांबली, आणि तिने सोडलेल्या जागेतून त्यांनी बास्केट केली. आम्ही हरलो. सगळ्यांसमोर मी तिच्या पाठीवर हात ठेवून डचमध्ये म्हणाले, काही हरकत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढे काय होणार ते तिला कळलं होतं.

पोरी कॅन्टीनकडे गेल्या. आम्ही दोघी बॉल ठेवायला. मी उघड्या तळव्याने, अख्खा खांदा फिरवून, तिच्या डाव्या कानावर मारली. ती बॉलमध्येच खाली बसली. बॉल इकडेतिकडे घरंगळले. तिच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली, जर्सीच्या गळ्यात गेली. त्या क्षणी मला काय वाटलं, विचारा. भीती? पश्चात्ताप? ते नंतर आलं. आधी बरं वाटलं. हात मोकळा झाल्यावर वाटतं तसं, छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेले. काळजीने नाही, ती एकटी गेली तर बोलेल म्हणून. बॉल लागला, असं मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी माझं ऐकून घेतलं आणि इराला विचारलं, असंच झालं का? इराने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "या." म्हणजे हो.

पडदा फाटला होता. मग आत संसर्ग झाला. तो कान पुन्हा कधी नीट झालाच नाही. मागून दिलेली हाक तिला कळेना, पास कुठून येतोय ते कळेना. तिने खेळ सोडला. तिच्या आईचा फोन आला, "ताई, तुम्ही होतात म्हणून बरं झालं. परक्या मुलखात आपलं माणूस असलं की कसा धीर असतो." आणि मी म्हणाले, "अहो, असं काय, माझीच पोरगी आहे ती."

हे माझ्याच तोंडचे शब्द. मराठी मंडळाच्या गणपतीत मला बक्षीस द्यायला बोलावतात, मुलींनी कसं खेळलं पाहिजे यावर भाषण करायला लावतात. मी जाते, बोलते. टाळ्या पडतात.

या वर्षी तिची धाकटी बहीण, रेवा, ग्रोनिंगनला शिकायला आली. आईचा पुन्हा फोन. "हिलाही तुमच्याच हाती देतेय." मी नाही म्हणू शकले असते. गुडघा दुखतो, संघ भरला, शंभर कारणं होती. मी हो म्हणाले. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील, ही भीती.

सराव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इरा हॉलवर आली. तिला आता इथेच नोकरी आहे. मी बॉलमध्ये हवा भरत होते. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. इतक्या वर्षांत माझ्याशी एक वाक्य मराठीत न बोललेली ती पोरगी सावकाश, शब्द जुळवत म्हणाली, "रेवाला हात लावायचा नाही."

मी तिच्या पाया पडायला हवं होतं. निदान मान खाली घालायला हवी होती. मी काय केलं? भुवया वर केल्या आणि डचमध्ये म्हणाले, तू कशाबद्दल बोलते आहेस ते मला समजत नाही. तिच्या तोंडावर. फक्त आम्ही दोघी होतो, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं, तरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशीपासून ती सरावाला येऊ लागली. ऑफिस सुटलं की सायकलने येते, बॉलच्या खोलीच्या दाराशेजारच्या बाकावर बसते, रेवा बाहेर पडेपर्यंत बसून राहते. रेवाला वाटतं, इराताईला आपला खेळ आवडतो.

रेवाला मी आजवर मारलेलं नाही. ती चुकते तेव्हा माझा हात शिवशिवतो. मी बाकाकडे बघते, इरा तिथे असते, आणि मी डचमध्ये म्हणते, काही हरकत नाही.