रिव्काच्या सोफ्यावरचा बन
थांबा, हे आत्ताच सांगायला हवं! स्कोफिल्ड्सच्या बेकरीत गरम पावाचा वास आला आणि रिव्काचं घर आठवलं.

आम्ही तेव्हा दहा वर्षांच्या, क्वेकर्स हिल या उपनगरात शेजारी. रिव्का मराठी ज्यू. पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून निघाले तेव्हा कणीक फुगायलाही वेळ नव्हता, म्हणून पेसाहच्या सणाला त्यांच्या घरात पावाचा कणही चालत नाही. तिच्या आईने आठवडाभर घर घासलेलं. आणि मी सोफ्यावर बसून लंचबॉक्समधला बन खाल्ला!

"हा कोणी आणला गं?" काकूंनी चुरा बघून विचारलं. मी लंचबॉक्स पाठीमागे लपवला. रिव्का म्हणाली, "मी, आई."

"तुला तर इजिप्तची गोष्ट पाठ आहे ना!" म्हणत काकू पुन्हा झाडू घेऊन गुडघ्यांवर बसल्या.

आज रिव्काला सॉरीचा मेसेज टाइप केलाय, पण पाठवायची हिंमत होत नाहीये. तुमच्यासाठी कोणी अशी बोलणी खाल्लीत का?