मागचा बोल्ट

सत्तर सालच्या सुमारास मी टॅक्सी चालवायचो, तेव्हा इंजिनाचं काम भांडुपच्या एका मेकॅनिककडेच. इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड बसवताना तो आधी मधले बोल्ट, मग कडेचे, असं थोडं थोडं आवळायचा. "एकदम पिळलं तर वाकतो रे, मग फटीतून हवा खेचतो."

शेवटचा बोल्ट पार मागे, अडचणीत. तिथे त्याचा पंजा जायचाच नाही. मग तो बायकोला हाक मारायचा. ती पदराला हात पुसत यायची आणि बारीक हात आत घालून पाना फिरवायची. हा तिच्या मनगटाकडे बघत राहायचा आणि म्हणायचा, "बस गं, पुरे."

वर्षभराने त्याच कामासाठी गेलो, तर अर्धा दिवस झाला तरी काम संपेना. बॅटरी, नळ्या, सगळं उतरवून ठेवलेलं. मी वैतागलो. "वैनींना बोलव ना यार, पाच मिनिटांचं काम!"

वर न बघता तो म्हणाला, "गेली ती. काविळीनं."

मोकळ्या केलेल्या जागेतून त्याने हात घातला. सालटं निघालं, पण पाना बसला. सावकाश फिरवत राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "बस गं, पुरे."

हात मात्र बराच वेळ बाहेर काढला नाही.