पासंगीचा धडा

आमच्या धाकट्या भाऊजींना सगळे 'काटेकोर' म्हणतात. समोर नाही, पाठीमागे. पण त्यांना ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून. भंगाराच्या गोदामात वजनकाट्यापाशी आयुष्य काढलेल्या माणसाला हे नाव कुणी दिलं ते ठाऊक नाही, पण ज्यानं दिलं त्यानं माणूस बरोबर तोलला.

गोदाम आमचंच, घराच्या भिंतीला भिंत लावून. आमचे हे माल गोळा करत कायम फिरतीवर, त्यामुळे काटा भाऊजींचा. जुना लोखंडी काटा. खाली हातगाडी चढेल एवढा पाट, वर काचेआड मोठी तबकडी. पोत्याच्या तळाशी दगड घालून आणणारे, डब्यात ओली माती ठासून आणणारे, सगळे ह्या तबकडीपुढे उघडे पडायचे. हातगाडी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची आणि रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. ह्या रिकाम्या वजनाला आम्ही धडा म्हणतो. रोजचा गाडीवाला कुरकुरायचा, "दादा, गाडी तीच आहे, मागच्या वेळचाच धडा धरा की." भाऊजी खेकसायचे, "मागचा धडा आज चालत नाही. गाडी रिकामी कर आणि परत चढव." हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ऐकते आहे.

पासंगी आमच्याकडे आली तीच काट्यावरून. पत्र्याचं पोतं हलत होतं म्हणून भाऊजींनी उघडलं, तर आत हे एवढंसं कुत्रीचं पिल्लू. त्यांनी ते एकटं पाटावर ठेवलं. तबकडीवरचा काटा जागचा हलला नाही. "ही तर पासंगालाही पुरायची नाही," असं म्हणाले आणि पोरीचं बारसं झालं.

तिच्याआधी गोदामात भोपळ्या नावाचा कुत्रा होता. येणारा जाणारा त्याच्यापुढे काहीतरी टाकायचा आणि तो कुणाला नाही म्हणायचा नाही. शेवटी त्याला गेटपर्यंत चालवेना, आणि एका उन्हाळ्यात धापा टाकत टाकत गेला. भाऊजी तेव्हा जेवले नव्हते. मग पासंगीच्या बाबतीत त्यांनी कायदाच केला. तिचं खाणं सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या मापानं. बाहेरच्यानं काही घालायचं नाही. आणि दर आठवड्याला काट्यावर चढवायचं. वजन वाढता कामा नये आणि घटताही कामा नये. कुत्रीही शहाणी, हाक मारली की पाटावर येऊन बसायची.

ती व्याली तेव्हा घरात आणखी एक बाळंतीण होती, भाऊजींची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली, मी काकू असून तिला आईसारखं वाढवलं. बाळंतपणाला ती आमच्याकडेच आली होती. तिला मुलगा झाला, आणि पाठोपाठ पासंगीला सहा पिल्लं झाली. म्हणजे घरात तान्ही सात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला काटेकोर एक.

घर तेव्हा स्वस्थ असं नव्हतंच. भाऊजी गोदामातून घरात, घरातून गोदामात. चहा अर्धा टाकून उठायचे. कारण बाळाचं वजन वाढत नव्हतं.

बाळाला एकटं पाटावर ठेवलं की ते हातपाय झाडायचं आणि काटा नाचायचा. म्हणून मुलगी बाळाला घेऊन पाटावर उभी राहायची. ती घरी आली त्या आठवड्यात भाऊजींनी तिचं एकटीचं वजन केलं होतं, तेच वजा करत. दर वेळी तिला वेगळं कशाला उभं करायचं? बाईमाणूस, त्यात बाप वजन सांगणार; तिलाही संकोच, त्यांनाही. त्या आठवड्यात आकडा आला, पुढच्या आठवड्यात तोच आला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तोच. दवाखान्याची तारीख लांब होती. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, त्याचे गाल बघा, दंड बघा," मी म्हणायची. "मागचं अंगडं चढत नाही त्याला."

"डोळे फसतात वहिनी," भाऊजी म्हणायचे, "काटा फसत नाही."

आणि मग लेकीला म्हणायचे, "अजून पाज. पुरत नसेल त्याला."

ती पाजत बसायची. ताट समोर निवून जायचं. मी गरम करून आणलं की दोन घास घेऊन पुन्हा बाळाला उचलायची. एकदा पदरात तोंड खुपसून मला म्हणाली, "काकू, माझं दूधच कमी पडतंय ना?" मी म्हटलं, असं काही नसतं. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. काट्यापुढे माझं काय चालणार?

पासंगीचं मात्र छान चाललंय, असं भाऊजींचं म्हणणं. पिल्लं झाल्यावर ती एकटी पाटावर थांबेना. चढवली की उडी मारून पिल्लांकडे पळायची. मग भाऊजींनी युक्ती केली. पिल्लांची टोपलीच पाटावर ठेवली. ती आपणहून आत जाऊन पसरली, पिल्लं लुचायला लागली, काटा स्थिर झाला. माणूस काटेकोर, त्यामुळे टोपली आधी रिकामी तोलून तिचा धडा केलेला होता. पिल्लं तेव्हा मुठीत मावतील एवढी. सहा मिळून भरणार किती? पुढे तीच रीत पडली. पिल्लं ओंजळीत मावेनाशी झाली तरी पडली ती पडलीच.

आकडा जागच्या जागी. "बघा," तबकडीवर टिचकी मारून ते म्हणायचे, "पोरीनं वजन कसं राखलंय."

पण कुत्री स्वस्थ नव्हती. पिल्लांना झटकून उठायची, गोदामभर हुंगत फिरायची, तेलाचे रिकामे डबे चाटायची, माझ्या मोरीशी येऊन भांड्यांकडे बघत उभी राहायची. मी पावाचा तुकडा टाकला तर तो हवेतच गायब. एके दिवशी ती खाटकाच्या दारात सापडली. भाऊजींनी तिला आणून साखळीनं बांधली.

मी संतापले. "अहो, सहा जण लुचतायत तिला! भूक लागलीय तिला."

"भूक भोपळ्यालाही लागायची."

"तिच्या पाठीचा कणा दिसतो, भाऊजी."

"वजन जागेवर आहे, वहिनी. या, काटा बघा."

मी काटा बघितला. जागेवरच होता. आत येऊन मी भांडी अशी आपटली की बाळ दचकून उठलं.

पुढची गोष्ट एका दुपारची. मुलगी ओरडली, "काकू, बाबा, पासंगी बघा!" टोपलीत ती आडवी पडली होती. पाय लाकडासारखे ताठ, सगळं अंग थरथरत होतं, जीभ बाहेर आणि धाप थांबत नव्हती. अशातही पिल्लं तिला लुचतच होती. भाऊजींच्या हातून वजनाचं लोखंडी माप पडलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून काही पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

मागच्या गल्लीत जनावरांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्या तशाच चपला अडकवून आल्या. आधी पासंगीला टोपलीबाहेर, पिल्लांपासून लांब आणायला लावलं, मग पासंगीच्या पायाच्या शिरेतून हळूहळू, अगदी हळूहळू औषध दिलं. भाऊजी तिचं डोकं धरून बसले होते. थरथर कमी होत गेली. पाय सैल पडले.

"दुधावाटे अंगातलं कॅल्शियम गेलंय हिचं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "खायला किती देता?"

भाऊजींनी माप सांगितलं.

"आणि व्यायच्या आधी?"

"तेवढंच. वजन राखायचं म्हणून. वजन एवढंसुद्धा घटलेलं नाही, बाई. दर आठवड्याला करतो."

"घटलं नाही?" त्या गोंधळल्या. "ह्या अंगानं? कसं करता वजन?"

"टोपलीत ठेवून. पिल्लांसकट—"

भाऊजी टोपलीकडे बघत राहिले. आतली सहा गुबगुबीत पिल्लं आंधळ्यासारखी आई शोधत होती. त्यांनी मिळवलं तेवढं हिनं गमावलं होतं, आणि काटा मधल्यामध्ये जागेवर उभा होता.

"टोपलीचा धडा केला होता मी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "टोपलीचा केला होता."

एरवी भाऊजींना टोमणा मारायची संधी मी सोडत नाही. त्या दिवशी मी उठून पासंगीसाठी पाणी आणलं.

बाई रागावल्या नाहीत. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, दादा?" एवढंच म्हणाल्या आणि मग काय करायचं ते सांगितलं. आजचा दिवस पिल्लांना बाटलीनं पाजा, हिला लुचू देऊ नका. खाणं आता दुपटीवर न्या, जमेल तसं तिपटीवर; पण एकदम पुढ्यात ओतू नका, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. पिल्लांसाठी म्हणून जे कोरडं खाणं दुकानात मिळतं तेच आईला भिजवून द्या, त्यात ताकद जास्त असते. सोबत उकडलेलं अंडं, शिजवलेलं मांस. कॅल्शियमची गोळी मी देईन तेवढीच, मनानं वाढवायची नाही. पाणी टोपलीपाशीच ठेवा, पिल्लांना सोडून उठायला लागू नये. आणि पिल्लांना आता मऊ खाणं चाटायला शिकवा, म्हणजे हिच्यावरचा भार उतरेल.

"आणि वजन?" भाऊजींनी विचारलं.

"हातानं बघा. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत."

त्यानंतर भाऊजींनी साखळी काढून भंगारातच टाकली. काट्यावर गिऱ्हाईक उभं असलं तरी मधेच उठायचे, वाडगं घेऊन टोपलीशी बसायचे, तिनं चाटूनपुसून संपवेपर्यंत हलायचे नाहीत. वजनाच्या वेळी पिल्लं माझ्या मांडीवर, तिला दिसतील अशी. मग ती एकटी पाटावर थांबायची. पहिल्यांदा तिचा एकटीचा आकडा पाहिला तेव्हा भाऊजी तबकडीकडे पाठ करून उभे राहिले. पुढे आकडा चढायला लागला. अंगावरचे केस पुन्हा चमकायला लागले. माझा जीव भांड्यात पडला.

भाऊजींचा पडला नाही. बाळाचा आकडा अजून तिथेच होता. घरात येरझारा चालूच, चहा अर्धा टाकणं चालूच. लेक तर सारखी बाळाला छातीशी धरून बसलेली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या, आणि आम्ही सगळे बाळाच्या मनगटाकडे बघत होतो.

मग एका सकाळी रोजचा गाडीवाला आला. भरलेली गाडी तोलून झाली. तो नेहमीसारखा म्हणाला, "दादा, गाडी तीच आहे. मागचाच धडा धरा की."

मी दारात तांदूळ निवडत होते. भाऊजींचं उत्तर मला तोंडपाठ, म्हणून मी वर बघितलंही नाही. पण उत्तर आलंच नाही. बघते तर भाऊजी तोंड उघडं टाकून उभे. गाडीकडे बघत होते, पण बघत गाडीला नव्हते.

"मागचा धडा," ते म्हणाले. "मागचाच धडा धरला मी."

गाडी तशीच पाटावर सोडून ते तरातरा घरात आले. लेक पाजून उठली होती. तिच्या न्याहारीचं अंडं आणि पाव ताटात तसेच पडले होते.

"बाळ काकूकडे दे," ते म्हणाले. "आणि चल."

"कुठे, बाबा?"

"काट्यावर. एकटी."

मी बाळाला घेतलं. गाडीवाल्यानं काही न विचारता गाडी बाजूला ओढली. पोरगी पाटावर चढली, चपला काढून, अंग चोरून. काटा फिरला, थरथरला आणि थांबला. जिथे थांबायला हवा होता त्याच्या कितीतरी अलीकडे.

मला हिशेब यायला वेळ लागला. पोरगी झिजत होती, आणि आम्ही दर आठवड्याला तिचं जुनं, भरलेलं वजन वजा करत होतो. तिची सगळी झीज बाळाच्या नावावर पडत होती.

भाऊजींनी तबकडीच्या काचेवर हात ठेवला. "बाळ चांगलं भरलंय गं," ते म्हणाले. "पहिल्यापासून भरतंय. तूच..."

"म्हणजे माझं दूध कमी नव्हतं?"

"नव्हतं."

ती पाटावरच खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. बाळ माझ्या कडेवर पाय झाडत होतं, चांगलंच वजनदार.

भाऊजींनी तिला हाताला धरून घरात नेलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. पाव गरम केला, अंडं सोललं. माणसाला आयुष्यात अंडं सोलता आलेलं नाही, अर्धा पांढरा भाग सालीबरोबर गेला. ती खायला लागली. ते समोर बसून राहिले. टोपलीतून उठून पासंगीही येऊन दारात बसली, आपलंही काही आहे का बघत.

बाहेरून गाडीवाला ओरडला, "दादा, येताय ना? गाडी रिकामी करून ठेवलीय!"

"थांब जरा," भाऊजी बसल्या जागेवरून ओरडले. "पोरगी जेवतेय."