सगळ्यात खालचा आकडा

उजव्या हाताचा पंजा उभा धरायचा आणि ताटात थापलेल्या वड्या पाडाव्यात तशी समोरची हवा कापायची, ही आमच्या सरांची सवय. "हितनं हितपर्यंत एक. हितनं हितपर्यंत दोन. त्याच्या वर समदं तीन. झालं, गटात घातलं." हे म्हणताना तोंडात चिवडा असायचा, त्यामुळे शेवटचे दोन शब्द ऐकणाऱ्याच्या अंगावर यायचे. मी त्यांच्याशी बोलताना टेबलाच्या पलीकडे, पंख्याच्या मागच्या बाजूला उभी राहायला शिकले.

इरा, परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या वर्गात संगणकावर आकड्यांचे गट पाडायला शिकवतात आणि ते फार सोपं असतं. सोपं आहेच. म्हणून तुला आणि निषादला या माणसाबद्दल लिहायला बसले. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही इंटरनेटवर शोधाल, फोटोतला हसरा चेहरा पाहाल आणि म्हणाल, आजी उगीच चिडते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या एका लहानशा संस्थेत जाऊ लागले, हे तुम्हाला माहीत आहे. इंदापूर तालुक्यातल्या गावांत बायकांचं रक्त तपासायचं आणि ज्यांच्या अंगात ते फार कमी असेल त्यांना बारामतीच्या दवाखान्यात आणायचं, एवढंच संस्थेचं काम. मी शिबिरात बायकांचे हात धरायची आणि नंतर अहवालाचं इंग्रजी नीट करायची. आकडे सरांकडे. संख्याशास्त्रातली मोठी पदवी पुण्याहून घेऊन आलेले, वय चाळिशीच्या आसपास, गाव इंदापूरच्या बाजूचं. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायची. ते मला बाई म्हणत.

त्यांच्या संगणकाच्या बटणांवर तेलाचा थर होता. मधल्या फटींत शेव. विचार करताना ते पेनाचं टोपण कानात फिरवत आणि मग तेच टोपण दातात धरत. ज्यांनी अशा माणसाशेजारी काम केलं असेल ते मान हलवतील. बाकीच्यांनी मान हलवू नये, त्यांना कळणार नाही.

एकदा पळसदेवला शिबिर होतं. दुपारी खानावळीत चिलापी मागवली. सरांनी मासा खाल्ला आणि काटे टेबलाच्या कडेला ओळीने मांडले. आखूड, मध्यम, लांब. त्या कडेला कापड नव्हतं, ताट नव्हतं, नुसतं लाकूड होतं. "बघा बाई, मधल्या गटात किती गर्दी," ते म्हणाले. मी वरण-भात अर्धा टाकला. आमचा ड्रायव्हर मारुती म्हणाला, "सर, मांजराला बी गटागटानं वाढणार का?" सर हसले. हसताना ते लहान मुलासारखे दिसायचे, हेही लिहिलं पाहिजे.

एकदा घरी चहाला आले तर सरळ स्वयंपाकघरात. माझे डबे पाहून पंज्याने हवा कापली. "बाई, गूळ आन साखर येगळी का? एकाच गटात जात्यात." आणि गुळाच्या डब्यात बोट घालून त्यांनी ते चाटलं. तो गूळ मी त्याच संध्याकाळी दारातल्या गाईला दिला.

मी विचारलं, "सर, आकडे आहेत तसे ठेवले तर काय बिघडतं?"

"आकडा सुटा ठिवला की लबाडी करतो, बाई. गटात घातला की गप बसतो. वरच्या साहेबांना कोण येवढं वाचून दाखवणार? चार गट करायचे, चार रंग द्यायचे. साहेब रंगावर खूश."

आता निरवांगीच्या शिबिराबद्दल. शाळेच्या व्हरांड्यात बायका रांगेत बसल्या होत्या. त्यात सुरेखा नावाची एक होती, तुमच्या आईपेक्षा लहान. सासरची माणसं पूर्वी मेंढरं राखायची, आता थोडी शेती आणि ऊसतोड. ती पदराच्या गाठीतून काहीतरी काढून कडाकडा चावत होती. मी पाहिलं तर खापराचा तुकडा. माती खात होती. मग नर्सने हळूच सांगितलं की अंगात रक्त उरलं नाही की बायकांना मातीची ओढ लागते. मी तिचा हात धरला. नखं कागदासारखी पांढरी होती. सुई टोचली तर थेंब यायला वेळ लागला. यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा आला पाच पॉइंट दोन. निरोगी बाईचा बाराच्या वर असतो. त्या वर्षी आम्ही तपासलेल्या सगळ्या गावांत इतका खालचा आकडा दुसरा कुणाचा नव्हता.

"लई कमी हाय का?" तिने विचारलं.

"आम्ही गाडी पाठवतो. तू नक्की ये," मी म्हणाले.

काही दिवसांनी सरांनी गट पाडले. पहिल्या गटातल्या, म्हणजे सगळ्यात कमी रक्ताच्या बायकांना आणायला जीप गेली. मी दवाखान्याच्या फाटकात उभी होते. निरवांगीच्या बायका उतरल्या. सुरेखा नव्हती.

"मारुती, एक राहिली का रे?"

"न्हाय बाई. कागदात जेवढी नावं, तेवढी आनली."

मी तशीच ऑफिसात गेले. खतांच्या दुकानावरच्या त्या खोलीत सर चिवडा खात बसले होते. मी म्हणाले, सुरेखा कुठल्या गटात आहे, मला दाखवा. त्यांनी शोधलं. पहिल्या गटात नाही. दुसऱ्यात नाही. मग मूळ आकड्यांत तिचं नाव सापडलं आणि त्याच्यापुढे, जिथे गट लिहिलेला असायला हवा, तिथे दोन इंग्रजी अक्षरं होती, एन आणि ए. इरा, तुला त्यांचा अर्थ माहीत आहे.

"हा कचरा असतो, बाई. रिकामी जागा. आमी ह्या वळी काढूनच टाकतो."

"ती रिकामी नाही. मी तिचा हात धरला होता."

त्यांनी पंजा वर केला. "ह्या सॉफ्टवेअरमधी गटाला दोन टोकं असत्यात. वरचं टोक आत, खालचं बाहेर. म्हंजी आठ आकडा एकाच गटात जातो, दोन्हीकडं मोजला जात न्हाय. मी सगळ्यात खालच्या आकड्यापासनं सुरवात केली. पाच पॉइंट दोन ते आठ, एक. आठ ते दहा, दोन."

"आणि खुद्द पाच पॉइंट दोन?"

त्यांचं चावणं थांबलं. हात हवेतच राहिला. "त्यो खालच्या टोकावर हाय. त्याच्या खाली गट न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी बाहेर." मग टोपण कानात फिरवत, "एक शब्द घालायचा असतो, सगळ्यात खालचा आत घ्या म्हणून. ऱ्हायला घालायचा."

म्हणजे पाहा. तालुक्यातली सगळ्यात अशक्त बाई कोण, हे त्या यंत्राला पक्कं ठाऊक होतं. तिच्यापासूनच त्याने मोजायला सुरुवात केली होती. आणि तिलाच तेवढं बाहेर ठेवलं.

इथपर्यंत मी समजू शकते. माणसाचा एखादा शब्द राहतो. मी म्हणाले, आत्ता घाला तो शब्द, अहवाल दुरुस्त करा, उद्या गाडी पाठवा. तेव्हा सर चिवड्याच्या पुडीची घडी घालू लागले.

"गाडी पाठवू. पन अहवाल वर गेला, बाई. एक बाई आत आली की समद्या तक्त्यांची बेरीज हलंल. साहेब विचारतील, मंग पयली बेरीज कुणी केली?"

"खरं सांगा. तुम्ही केली."

"एकीसाठी?" ते म्हणाले. "येवढ्या बायकांत एक. टक्क्यात बी दिसनार न्हाय."

मला आयुष्यात शिसारी पुष्कळ वेळा आली आहे, तुम्ही तिची थट्टाही करता. पण माशांचे काटे, कानातलं टोपण, गुळातलं बोट हे सगळं त्या क्षणी मला स्वच्छ वाटलं. मी तडक जिना उतरले. मारुतीला म्हणाले, उद्यापर्यंत थांबायचं नाही, जीप काढ.

निरवांगीत सुरेखाच्या घरी पोचलो तेव्हा ती डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन येत होती. चार पावलं चालायची, भिंतीला टेकायची. सासूने मला बसायला पोतं टाकलं.

"तुमी गाडी पाठवली व्हती, पन हिचं नाव न्हवतं," सासू म्हणाली. "आमी म्हनलं, बरं झालं. आमची सून बरी हाय. मंग कामाला लावली."

सुरेखा हसली. "मला बी बरं वाटलं, बाई. नाव न्हाय म्हंजी मला काय झाल्यालं न्हाय."

ते वाक्य मी सरांना ऐकवलं पाहिजे, असं मला वाटलं, आणि ऐकवलंही, पण ते पुढे. तेव्हा सासूला समजवायला वेळ गेला. कागदावर नाव नसलेल्या बाईला का न्यायचं हे तिला पटेना, आणि खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. शेवटी सुरेखाच सासूला म्हणाली, "आत्याबाय, बाई येवढ्या लांब आल्यात. जाऊन येते."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि मला विचारलं, "ही चालत कशी आली?" रक्ताच्या पिशव्या लागल्या. पहिले दोन दिवस तिचा श्वास ऐकूनच मला दम लागायचा.

तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी सर उभे. हातात चिवड्याची पुडी, आत यायला तयार नाहीत.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"सात."

"म्हंजी आता गटात बसतीया."

मी तेव्हा सुरेखाचं वाक्य त्यांना सांगितलं, तिच्याच शब्दांत. नाव नाही म्हणजे मला काही झालेलं नाही. सरांनी ऐकलं. त्यांचा पंजा उठला, पण त्यांना काय कापायचं ते सुचलं नाही, हात तसाच खाली आला. पुडी बाकावर ठेवून ते जिना उतरून गेले. मी पुडीला हात लावला नाही. सुरेखाने मात्र सगळा चिवडा खाल्ला, शेंगदाणे शेवटी. मातीऐवजी ती काहीतरी दुसरं चावत होती, म्हणून मी तिला अडवलं नाही.

ती बरी झाली. आता पाव्हण्यांकडे लग्नाला गेली की मला फोन करते.

अहवाल मात्र दुरुस्त झाला नाही. आजही तो तसाच आहे, माझ्या नीटनेटक्या इंग्रजीत, चार रंगांत, आणि त्यात सुरेखा कुठेच नाही. सरांना मी त्यानंतर दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा त्यांना एकदम कुठेतरी जायचं होतं. या गोष्टीसाठी मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पुढच्या वर्षी त्यांना पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली. तिथे ते गिऱ्हाइकांचे गट पाडतात. जाण्याच्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या मुलीला ते काम समजावत होते. मी पंख्यामागे उभी होते. सर चिवडा खात होतेच. मला वाटलं, आता पंजा उठणार आणि हवा कापणार. तसं झालं नाही. ते खुर्चीवरून वाकले आणि आधी तेलकट पंजा टेबलावर सपाट ठेवला, दाबून.

"हितनं," ते म्हणाले. "पार तळापासनं. ह्याच्या खाली कोन ऱ्हायलं का, ते आधी बघायचं. मंग बाकीचं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पिशवी उचलली, मुलीला म्हणाले, "येतो," आणि स्टँडकडे गेले.

मी लगेच ओलं फडकं आणलं. टेबलावर उमटलेल्या त्या तेलकट डागावर साबण लावला, सोडा लावला, लिंबाची साल घासली. पाच बोटांचा तो पंजा लाकडात मुरला आहे, निघत नाही. ती मुलगी त्याच्यावर माउसखालची चटई ठेवते. मी ऑफिसात गेले की चटई जरा बाजूला सरकवते, म्हणजे तो दिसतो.