भेगांचे फोटोवाले काका

"एक पाऊल मागं... आजून एक..." असं पुटपुटत काका कॅमेऱ्याला डोळा लावून उलटे चालत यायचे आणि थेट तुमच्या स्वयंपाकघरात शिरायचे. तुमच्या म्हणजे कुणाच्याही. चपात्या लाटणाऱ्या बाईच्या पाठीला पाठ टेकली की "माफी असावी, ताई" म्हणायचे आणि तिथूनच फोटो घ्यायचे. फोटो समोरच्या भिंतीतल्या भेगेचा असायचा.

भिवंडीत राहणाऱ्यांना सांगायला नको. आपल्याकडे खाली कापडाचे लूम आणि वर माणसं, अशा जुन्या इमारती गल्लोगल्ली आहेत. त्या तपासणाऱ्या एका इंजिनिअरकडे काका फोटो काढायला होते. दिघाशी गावाकडचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटकुळे. विडी-सिगारेटचं व्यसन नाही, तरी शर्टाच्या खिशात काडीपेटी कायम. भेगेत एक काडी खोचायची, म्हणजे फोटोत भेगेची रुंदी कळते. मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. मानकोलीच्या गोदामात ड्युटी करायची आणि उरलेल्या वेळात बिऱ्हाडकरूंच्या तक्रारी ऐकायच्या, असा माझा दिनक्रम. त्यामुळे काका आले की त्यांच्या मागे हिंडणं माझ्या वाट्याला यायचं.

हे उलटं चालणं कशासाठी, ते मी एकदा विचारलं.

"ह्याचा झूम लय लांब जातो, साहेब. पल्याडच्या बिल्डिंगवरची पाल दाखवील. पन झूम ताणला का जवलचं दिसत न्हाय त्याला. दीड मीटरच्या आत सगला धूर."

"मग झूम न ताणता जवळ जा की."

"जातो ना. पन मंग नाकच लावाया लागतं. ह्याचीच सावली पडते, सरल भेग वाकडी दिसते. इंजिनेर म्हनतो, परत काढ."

"चाळिशी लागलीय तुमच्या कॅमेऱ्याला," मी म्हणालो. काका इतके हसले की त्यांना जिन्यावर बसावं लागलं.

पण भेगेसमोर ते हसत नसत. तिथे आवाज एकदम खाली यायचा. तळहात भिंतीवर ठेवून डोळे मिटून उभे राहायचे आणि मग निकाल द्यायचे. "ही झोपलीय. रंग मारा, काय न्हाय होत." किंवा, ओठांवर बोट ठेवून, "हलू बोला. ही जागी हाय."

तिसऱ्या मजल्यावरच्या नसीमभाभी चिडायच्या. "काका, ऐसा मत बोलो. बच्चे रात को पानी पीने नहीं उठते." मीही भाभींच्या बाजूने बोलायचो, भिंतीला कसली झोप आणि कसली जाग! पण खरं सांगतो, तिसरा मजला आला की मी चपला काढून हातात घ्यायला लागलो होतो.

ती जागी भेग भाभींच्या दारासमोरच होती. बोळात, डोक्याच्या बरीच वर, बीम खांबाला मिळतो तिथे. बोळ जेमतेम माणूसभर रुंद. खालून झूम ताणावा तर कॅमेऱ्याला अंतर कमी, न ताणावा तर भेग केसाएवढी बारीक. पहिल्या खेपेला भाभींनी घरात शिरू दिलं नाही आणि फोटो सगळे धुरकट आले. इंजिनिअरने शेरा लिहिला, "अस्पष्ट. पुन्हा पाहावे." मी मीटिंगमध्ये तो शेरा असा वाचून दाखवला, की जणू भेगच नाही. तीसेक बिऱ्हाडं होती. माझी म्हातारी आई होती. कुठे जाणार होतो आम्ही सगळे? फोटो धुरकट आला याचा मला आनंद झाला होता, हे आज कबूल करतो.

काका मात्र त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आपणहून परत आले. भाभी आधी दारच अडवून उभ्या राहिल्या. मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला झाल्या. काकांनी स्टुलावर चढून भेगेत काडी खोचली आणि उलटे चालत भाभींच्या ओट्यापर्यंत गेले. झूम पूर्ण ताणला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. छोट्या पडद्यावर काडी सोट्याएवढी जाड दिसत होती. खाली लूम धडधडत होते आणि काडी थरथरत होती.

मग ती दिसेनाशी झाली.

"पडली वाटतं," मी म्हणालो आणि बोळातली फरशी पाहिली. फरशीवर काडी नव्हती.

"भायेर न्हाय पडली, साहेब," काका अगदी हळू म्हणाले. "आत गेली." कॅमेरा गळ्यात सोडून ते भाभींकडे वळले. "गॅस बंद करा. पोरांना घ्या. पलू नका, सावकाश चला."

तासाभरात इमारत रिकामी झाली. माझ्या आईला काकांनी पाठीवरून खाली आणलं. लूमही बंद केले. आम्ही रस्त्यावर उभे राहून वर पाहत राहिलो.

इमारत उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशीही. शाळेच्या हॉलमध्ये पथाऱ्या टाकून लोक वैतागले आणि वैताग माझ्यावर निघू लागला. मी तो काकांवर काढला. ते रोज सकाळी येऊन जिन्याच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीजवळ बसत आणि कुणाला वर जाऊ देत नसत.

"त्या दिवशीचा फोटो कुठंय?" मी विचारलं.

"काढायचा ऱ्हायला, साहेब. काडी गेली आन् मी भाभींकडं बघितलं."

"म्हणजे पुरावा नाही. स्वच्छ फोटो आणा, नाहीतर रविवारी मी दोरी सोडतो."

काका दोरीजवळून उठले. "भाभींच्या घराची किल्ली द्या मंग. मागं सराया जागा पायजे."

सगळ्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. त्या वेळी माझ्या खिशातच होत्या. मी म्हणालो, "कुणाच्याही घराची किल्ली मिळणार नाही." त्यांनी 'बरं' म्हणून मान हलवली.

शनिवारी दुपारी जिन्याकडची बाजू खाली आली. आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी दीर्घ श्वास सोडावा तसा झाला आणि मग धूळ. अग्निशमन दलाच्या साहेबांनी विचारलं, आत कोणी आहे का? माझ्याकडे यादी होती. मी मजल्यांप्रमाणे एकेक नाव पुकारलं आणि प्रत्येकाने ओ दिली. "सगळे बाहेर आहेत," मी सांगितलं. सांगताना छाती थोडी फुगलीही होती. दोरीजवळ काका दिसत नव्हते. म्हटलं, कंटाळले असतील अखेर.

ते रविवारी सकाळी ढिगाऱ्याखाली सापडले.

कॅमेऱ्याचा चुरा झाला होता, पण आतलं कार्ड शाबूत होतं. काही दिवसांनी इंजिनिअरने मला बोलावून शेवटचा फोटो दाखवला. काका स्टुलावर चढून, झूम न ताणता, भेगेला नाक लावून उभे राहिले असणार. अर्ध्या फोटोवर कॅमेऱ्याची सावली आहे. रुंदी कळावी म्हणून भेगेत काडी नाही, काडी तिथे टिकलीच नसती. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताची चार बोटं आत घातली आहेत, दुसऱ्या पेरापर्यंत.

बाकी फोटो स्वच्छ आहे. अंगठ्याच्या नखातला चुनासुद्धा दिसतो. मी मागितला होता तसाच.