भाकऱ्यांचे पैसे

आमच्या घरी मनीऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या नावाने. नवरा मुंबईला कारखान्यात होता. पोस्टमन दुपारी वाडीत यायचा, बाबा पडवीत बसून सही करायचे, नोटा घडी करून कनवटीला लावायचे. त्यानंतर त्या पैशांपैकी काही हवं असेल तर त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं. ते वर न बघता विचारायचे, "कशाला?" खोबरेल तेल संपलं असेल तर सांगता यायचं. पोराची चड्डी फाटली असेल तरी सांगता यायचं. पण बाईमाणसाला अशाही काही गरजा असतात की त्या सासऱ्याला सांगता येत नाहीत. मग मी जुनी लुगडी फाडून भागवायची.

बाबा वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. शेती म्हणजे वर कातळाच्या सड्यावरचं थोडं नाचणीचं रान आणि खाली भाताची दोन कुणगी, त्यात वर्षाचं भागत नसे. म्हणून ते पैसा धरून ठेवायचे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझं माहेर वेळणेश्वरला. एकदा आईने निरोप पाठवला की विहिरीच्या पायरीवर घसरून पाय मोडलाय, येऊन जा. मी बाबांकडे एस.टी.चे पैसे मागितले. ते म्हणाले, "मनीऑर्डर येऊ दे गो, मग जा." त्या महिन्यात मनीऑर्डर उशिरा आली. मग भाताची लावणी आली. मी गेले तेव्हा आईचं प्लास्टर निघालं होतं आणि ती लंगडत अंगण झाडत होती. मला बघून तिने झाडू टेकवून ठेवला. रागावली नाही. "दमून आलीस, पाणी घे," एवढंच म्हणाली. परत येताना गाडीत मी ठरवलं की पुढच्या खेपेचे पैसे माझे असतील. कुठून आणायचे ते मात्र सुचत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. मला कोण नोकरी देणार?

ते सुचलं आमच्या वाडीत भाड्याने राहणाऱ्या शाळेतल्या बाईंमुळे. त्या देशावरच्या, एकट्याच राहायच्या. त्यांना ज्वारीची भाकरी जमायची, तांदळाची जमत नसे. एक दिवस त्या आमच्या मागच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी रोज दोन भाकऱ्या टाकाल का? पीठ माझं, वर पैसेही देईन."

मी लाजून म्हटलं, "अहो बाई, दोन भाकऱ्यांचे कसले पैसे!"

माझी सासू चुलीपुढे बसली होती. ती फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "घे गो. मी जन्मभर थापल्या, कोणी दिलान काय मला पैसा?"

तिथून सुरुवात झाली. बाईंच्या शाळेतल्या आणखी दोघा शिक्षकांचं सांगणं आलं. मग सावर्ड्याला हायवेवर एक हॉटेल होतं, ट्रकवाले आणि गाडीवाले जेवायला थांबायचे, त्याच्या मालकाने बाईंकडे चौकशी केली. त्याला माशाच्या ताटाबरोबर घरच्या भाकऱ्या हव्या होत्या. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला किती बरं वाटलं होतं! टोपलीभर भाकऱ्या म्हणजे काय, याचा विचार मी केलाच नव्हता.

कोंबडा आरवायच्या आधी उठायचं. रात्री घरात आणून ठेवलेली फाटी पेटवायची, पावसात ती धुमसत राहायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. आधण ठेवायचं, उकड काढायची, ती हाताला सोसेल न सोसेल तोवरच मळायची, कारण निवली की भाकरीला कडेला चिरा जातात. मग थापत बसायचं. उजेड व्हायच्या सुमाराला टोपलीत फडकं घालून भाकऱ्या रचायच्या, डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत जायचं, हॉटेलात उतरवायच्या आणि परत येऊन घरचं सगळं सुरू करायचं. शेण, पाणी, पोरांची शाळा, दुपारी रान. हॉटेलाला सुट्टी नव्हती, म्हणून मलाही नव्हती. ताप असला तरी जायचं. पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्या बोटांच्या टोकांना ऊन-गार कळेनासं झालं. मनगटात कळ बसली ती आजही आहे.

पण पोस्टात माझ्या नावाचं खातं निघालं. सगळ्यांना सांगून काढलं.

आता पुढचं सांगते, कारण त्याची मला मुळीच कल्पना नव्हती. मनीऑर्डर हळूहळू आखडायला लागली. आधी थोडी कमी आली, मग एखादा महिना चुकला. तेल संपलं की मी बाबांकडे जायचे, तर ते म्हणायचे, "तुझं आहे ना आता." ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पोरांची फी मी भरली. कौलं फुटली, ती मी बदलली. नणंदेच्या लग्नात भांडी माझ्या पैशांची गेली. पूर्वी मी मागायची आणि आता ते माझ्याकडे मागत होते, एवढाच फरक पडला. खात्यात टाकलेलं पुढच्या महिन्यात काढावं लागायचं. मी भाकऱ्या थापत होते आणि नवऱ्याने न पाठवलेले पैसे भरून काढत होते. हे ध्यानात आलं त्या सकाळी मी टोपली डोक्यावरून उतरवून वाटेतल्या दगडी चिऱ्यावर नुसती बसून राहिले. रडूही आलं नाही. उठवत नव्हतं, इतकंच.

नवरा शिमग्याला आला. आल्या आल्या मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी उठले, तर तेही उठून चुलीपाशी येऊन बसले. बराच वेळ बघत होते.

"रोज एवढ्या?" त्यांनी विचारलं.

"रोज."

त्यांनी एक गोळा घेऊन थापायला बघितलं. भाकरी उचलताना फाटली. त्यांनी ती परत मळून परातीत ठेवली.

मी म्हटलं, "तुम्ही पैसे कमी का पाठवता?"

त्यांनी एक फाटं चुलीत सारलं. मग म्हणाले, "तुझं चाललंय असं बाबांनी कळवलं. मला वाटलं, तेवढंच तिकडे साठवीन. चाळीतल्या गाळ्यात आम्ही पाळीपाळीने झोपतो गो. रात्रपाळीवरून यावं तर जागा गरम असते दुसऱ्याच्या अंगाने. एक खोली घ्यावी असं मनात होतं."

त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. दाढीत पांढरं दिसत होतं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला, कारण दया आली की मी पुन्हा देणार हे मला माहीत होतं.

"खोली घ्या," मी म्हटलं. "पण घरचे पैसे बाबांना पहिल्यासारखे पाठवा. आणि माझे मी कशाला खर्च करायचे ते मला ठरवू द्या. एवढं बाबांना तुम्ही सांगा."

ते "सांगतो" म्हणाले. त्या दिवशी टोपली रस्त्यापर्यंत त्यांनी नेली, वाडीतली माणसं हसली तरी नेली. पण बाबांना सांगणं त्यांच्याच्याने झालं नाही. शिमगा संपला, पालखी देवळात बसली, ते मुंबईला गेले.

मग मीच सांगितलं. बाबा जेवायला बसले होते, सासू वाढत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "बाबा, पोरांचं मी बघीन. बाकी घराचं मनीऑर्डरीतून चालवा. माझ्याच्याने आता होत नाही."

सासू बाबांच्या ताटात आमटी वाढत म्हणाली, "ऐकलांत नव्हं?" ते खाली बघून जेवले. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या पावसाळ्यात दोन महिने मनीऑर्डर आली नाही. घरात पेज आणि सुकट एवढंच राहिलं. माझ्या खात्यात पैसे होते, आणि ते होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाकऱ्या थापण्यापेक्षा ते दिवस काढणं जड होतं. बाबा पेज पिताना मला तोंड वर करवत नसे. किती वेळा वाटलं, जाऊन काढून आणावे आणि हे सगळं मिटवावं. नाही आणले. शेवटी बाबांनी शाळेतल्या बाईंकडून आपल्या मुंबईच्या पोराला कार्ड लिहून घेतलं. मनीऑर्डर आली, आणि नंतर बरीचशी नियमित येत राहिली. नवऱ्याची खोली काही झाली नाही. त्याचं खापर कोणी माझ्यावर फोडलं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

पुढल्या हिवाळ्यात मी हॉटेलवाल्याला सांगितलं की आठवड्यातून एक दिवस भाकऱ्या येणार नाहीत. तो कुरकुरला. म्हणाला, दुसरी बाई बघीन. मी म्हटलं, बघा. असं म्हणता यायला मला इतकी वर्षं लागली होती. त्याने दुसरी बघितली नाही.

त्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. पण सवयीने त्याच वेळेला जाग आली. अंधारात पडून राहिले. मनगट ठणकत होतं, चूल थंड होती, बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. झोप काही परत आली नाही. पण मी उठले नाही. उजाडलं, कौलांतून ऊन आलं, पोरगी येऊन विचारून गेली, "आई, बरं नाय काय तुला?" मी म्हटलं, "बरी आहे. पडलेय नुसती."