जोडे जिल्ह्याबाहेर

आमच्या मामांइतका बुलढाणा जिल्ह्यावर जीव लावणारा माणूस झाला नाही, आणि त्यापायी इतक्या लोकांशी भांडणाराही झाला नाही. ते डोणगावच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवत. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि नव्या पुस्तकात आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला दीड ओळ आली होती: कापूस, ज्वारी, कडक उन्हाळा. मामांनी पुस्तक मिटलं आणि शाळेच्या अंगणात मातीचा जिल्हाच मांडला. मधोमध दगडांचा घाट, अलीकडे आमचा घाटावरचा मुलूख, पलीकडे मलकापूरकडचा घाटाखालचा, आणि लोणारच्या सरोवराच्या जागी पुरलेलं मातीचं पसरट परळ. प्रार्थनेआधी पोरं तांब्यानं नद्यांना पाणी सोडत. पैनगंगेचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं आणि नळगंगेचं पश्चिमेच्या, हे मामा अशा थाटात सांगत, जणू दोन्ही समुद्र त्यांच्याच वाटणीला आलेत. जिल्ह्यात शिरायचं तर जोडे सीमेबाहेर काढायचे, हेडमास्तरांनीसुद्धा. डबा घेऊन येणाऱ्या मामी ती कटकट नको म्हणून अख्ख्या जिल्ह्याला वळसा घालत. इतिहासाचा तास तर सगळ्या गावाला ऐकू जाई. "निजाम आला, गेला. इंग्रज आला, गेला. मध्यप्रांत गेला, मुंबई गेली. पैनगंगेनं वाट बदलली का बे?" वर्ग ओरडे, "नाही!"

मग तपासणीला पुण्याकडचे एक साहेब आले आणि बोलत बोलत बुटांसकट जिल्ह्यात शिरले. मामा म्हणाले, "साहेब, जोडे काढा. तुमी पैनगंगेत उभे आहा." साहेब हसले. "ह्या जिल्ह्यात जपण्यासारखं आहे काय?" म्हणत त्यांनी मुद्दाम पाऊल पुढे टाकलं आणि परळ फुटलं. मामांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना सीमेबाहेर आणून सोडलं.

माफी मागा, साहेब म्हणाले. मामांनी मागितली नाही. बदली झाली घाटाखाली, खाऱ्या पाण्याच्या एका खेड्यात. घाटाखालच्या लग्नालासुद्धा घरच्या पाण्याची सुरई घेऊन जाणारा हा माणूस! घर आणि शेत सांभाळायला मामी मागे राहिल्या. साहेबांपुढे माफीचे दोन शब्द बोलले तर परत आणतील, असा निरोप देऊन त्यांनी मला पाठवलं.

"मामा, बोलून टाका ना. मामी एकट्या हायेत तिकडं," मी म्हणालो.

"काऊन बोलू? नदीत पाय त्यायचा पडला, माहा नाही." त्यांनी विहिरीचं खारं पाणी पेलाभर ओतलं आणि तोंड वाकडं न करता घटाघटा प्यायले. "शिक्षा म्हनून धाडलं मले! अरे, हेबी आपल्याच जिल्ह्याचं पानी हाय. मी घरातल्या घरात आलो."

मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. सांजेला ते मला एसटीपर्यंत पोचवायला आले. दक्षिणेला घाटाची निळी ओळ दिसत होती. मामा बराच वेळ तिकडे पाहत राहिले. गाडी आल्यावर हळूच म्हणाले, "तिले सांग, सांजच्याला ओट्यावर उत्तरेकडं तोंड करून बसत जाय म्हना. मी इकडं दक्षिणेकडं करून बसतो."

मामींनी निरोप ऐकला आणि कपाळावर हात मारला. "येडाच हाय हा मानूस," म्हणाल्या. मग ओट्यावरची धान्य निवडायची चटई त्यांनी ओढली आणि उत्तरेकडे तोंड करून बसल्या.